सुई उडण्याचं कारण

"एक, दोन, तीन, सहा!" रेकॉर्डमधल्या खणखणीत आवाजाने हुकूम सोडला आणि भिंतीपलीकडे काहीतरी धप्पकन पडलं.

तराजूकाकांनी वही पुढे ओढली आणि नोंद केली : 'पाच वाजून बारा मिनिटं. दोन आकडे गहाळ. चार आणि पाच.' मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं, कारण उघडं पेन खिशात ठेवणारा माणूस त्यांच्या मते कुठल्याच मोजमापाच्या लायकीचा नसतो. तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात शेजारचे निवृत्त बस ड्रायव्हर उभे होते, एक हात कमरेवर ठेवून.

"तराजूसाहेब, तीनला खाली वाकायचं असतं आणि चारला वर उठायचं असतं. तुम्ही चारच खाल्लात. मी उठायचं कधी?"

"पण तुम्हाला आमच्या रेकॉर्डवर व्यायाम करायला सांगितलं कोणी?"

"भिंतीने सांगितलं. एवढ्या मोठ्याने 'हात वर' म्हटल्यावर माणसाचे हात आपोआप जातात वर. परवा तर सुई एकाच जागी अडकली. दहा मिनिटं माझे हात वरच! बायकोला वाटलं घरात दरोडा पडला."

आतून काकू हसल्या. काका हसले नाहीत. गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हतीच. रविवारी काकूंच्या थोरल्या बहीण, म्हणजे ताई, येणार होत्या. आज सोमवार होता. रविवारी पाच वाजेपर्यंत ही सुई उडायची थांबली नाही, तर सत्तावन्न वर्षांचं एक भांडण कायमचं अर्धवट राहणार होतं.

त्या भांडणाचं असं झालं होतं. काकू पाच वर्षांच्या आणि ताई आठ वर्षांच्या असताना त्यांचे वडील दोघींना एका प्रदर्शनात घेऊन गेले होते. तिथे 'आपला आवाज घरी न्या' अशी पाटी लावलेला एक स्टॉल होता. आत टेबलावर यंत्र, यंत्रावर फिरणारी कोरी तबकडी, तिच्यावर एक धारदार सुई. तुम्ही बोलायचं, सुईने ते तबकडीवर कोरायचं आणि तुमचा आवाज पुठ्ठ्याच्या पाकिटातून घरी न्यायचा. ताईंनी ढगांची कविता म्हटली. काकूंनी सातचा पाढा म्हटला, त्यातले सात साते एकोणपन्नास गाळून. मग थोडी जागा उरली म्हणून वडील स्वतः चार शब्द बोलले. त्या चार शब्दांत त्यांनी दोघींपैकी कोणाचं जास्त चांगलं झालं ते सांगितलं होतं. ताई म्हणत, माझं. काकू म्हणत, माझं. दोघींनाही स्वच्छ आठवत होतं, हीच पंचाईत होती. वडील जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यांचा दुसरा कुठलाच आवाज कुणाकडे नव्हता, आणि तबकडी हरवलीच असं सगळे धरून चालले होते. ती महिन्यापूर्वी काकूंना ट्रंकेच्या तळाशी, जुन्या परकराच्या घडीत सापडली.

घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता. काकांनी तो पैसे न घालता मिळवला. बाजाराच्या कोपऱ्यावर रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस बसे. त्याला घरातला जुना टेबलफॅन दिला आणि बदल्यात एक जुना प्लेअर आणला. वर त्याने 'रोज दहा मिनिटं व्यायाम' अशी एक रेकॉर्ड फुकट दिली. ती का फुकट होती, हे ड्रायव्हरांना आता कळलं होतं.

पहिल्याच दिवशी वडिलांची तबकडी लावली. खरखरीतून ढग आले, पाढा आला, आणि मग एक जाडसर, हसरा आवाज म्हणाला, "छान. दोघींनी छान म्हटलं. पण आज सगळ्यात चांगलं म्हटलं ते..." टक्. "...चला आता घरी. आई वाट बघत असेल."

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मग म्हणाल्या, "बाबाच. पुन्हा लावा."

पुन्हा लावली. पुन्हा तिथेच टक्.

काका तबकडी घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने डोळ्याला भिंग लावून तिच्याकडे इतका वेळ पाहिलं, की काकांना डॉक्टरसमोर बसल्यासारखं वाटायला लागलं.

"काका, ही दुकानात मिळते तसली रेकॉर्ड नाही. पत्र्यावर लाखेसारखा पातळ थर आहे नुसता. सुई दर वेळी त्यातलं थोडं खरवडून नेते. अजून सहा-सात वेळा वाजेल. मग नुसती खर्रखर्र. हिच्यावर प्रयोग करू नका. आधी प्लेअर कुठे हलतोय ते शोधा, मग हिला हात लावा."

"हलतो म्हणजे?"

दुरुस्तीवाल्याने समजावून सांगितलं, आणि ते इतकं साधं होतं, की आपल्याला कोणी शाळेत हे असं का सांगितलं नाही, याचं काकांना आश्चर्य वाटलं. तबकडीवर दिसतात त्या अनेक रेघा नसतात. ती एकच लांबलचक वाट असते, गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल आत जाणारी. सुई त्या वाटेवर डोळे मिटून चालत असते. शेजारची वाट केसाच्या अंतरावर. कोणी हलकासा धक्का दिला, की ती पलीकडच्या वाटेवर जाऊन पडते आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुढे चालू लागते.

"पण एक बघा काका," दुरुस्तीवाला भिंग काढत म्हणाला, "तुमची व्यायामाची रेकॉर्ड कुठेही उडते म्हणता. ही मात्र एकाच जागी उडते. का, ते मला नाही सांगता येत."

काकांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. ताई फोनवर म्हणाल्या होत्या, "अगं, बाबांच्या मित्राकडे एकदा लावली होती ना, तेव्हाही तिथेच उडली होती!" तेही काकांनी सोडून दिलं. सत्तावन्न वर्षांपूर्वीची तोंडी साक्ष बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक राहिलेला माणूस ग्राह्य धरत नाही. आयुष्यभर त्यांनी एकच केलं होतं. दुकानात शिरायचं, तराजू उचलायचा, काटा मध्यावर येतो की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. खात्याने निरोपाच्या वेळी त्यांना पाच किलोचं पितळी वजन भेट दिलं होतं. ते दिवाणखान्यात वर्तमानपत्र उडू नये म्हणून ठेवलेलं असे. त्याखालून वर्तमानपत्र ओढून काढणं जिवावर येई, म्हणून काकू रोजच्या बातम्या ड्रायव्हरांकडे जाऊन वाचत.

तर सोमवारी, कंबर चोळून झाल्यावर, ड्रायव्हरांनीच पहिला सल्ला दिला.

"रबर घाला साहेब, रबर. तीस वर्षं बस चालवली मी. इंजिन थरथरतं, पण ड्रायव्हरचे दात वाजत नाहीत, का? मध्ये रबर असतं म्हणून."

मंगळवारी सकाळी ड्रायव्हर स्वतःची जुनी सायकलची ट्यूब घेऊन आले. ती थोडी फुगवून टेबलावर वेटोळी करून ठेवली आणि तिच्यावर प्लेअर. लावल्याबरोबर प्लेअर होडीसारखा डुलायला लागला. व्यायामवाला "एक, दोन" म्हणाला आणि सुई थेट तबकडीच्या मधोमध जाऊन "धन्यवाद" म्हणाली.

"व्यायाम लवकर आटपला आज," काकू म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या शिलाईवहिनी कपडे द्यायला आल्या होत्या. त्या दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "नुसतं मऊ काय कामाचं, काका? माझं मशीन आधी हलक्या स्टुलावर होतं, चालत चालत खिडकीपर्यंत जायचं. मग मी खाली जडशीळ फळी टाकली. तेव्हापासून जागचं हलत नाही. खाली मऊ, वर जड, असं करा."

हे मात्र काकांना एकदम पटलं. मऊ वस्तू धक्का पुढे पाठवत नाही. जड वस्तू आलेल्या धक्क्याला दाद देत नाही. दोन्ही मिळून काम होणार. प्रश्न होता, जड वस्तू फुकट कुठून आणायची?

इमारतीच्या मागे एक दगडी लादी पडलेली होती. कोणाच्या तरी ओट्याची, काढून टाकलेली, चार वर्षं उन्हात. काका आणि ड्रायव्हर ती उचलून जिन्यापर्यंत आले आणि तिथे कमिटीचे सेक्रेटरी भेटले.

सेक्रेटरी वयाने लहान होते, पण त्यांच्या हातात फाइल असली की ते मोठे दिसत. आणि फाइल कायम हातात असे.

"काका, लादी सामायिक मालमत्ता आहे. अर्ज लागेल."

"चार वर्षं कोणी तिच्याकडे बघितलंही नाही!"

"म्हणून तर नोंद स्वच्छ आहे. अर्ज छापील आहे, तीन प्रती. कारणाच्या रकान्यात गळती, तडा किंवा आवाज यांपैकी एकावर खूण करा."

"माझं कारण कंपन आहे."

सेक्रेटरींनी फॉर्म उलटा करून पाहिला. "कंपन नाही यात. मग 'इतर'वर खूण करा. पण 'इतर' असलं की मीटिंग लागते. मीटिंग पुढच्या महिन्यात."

"आणि आवाजावर खूण केली तर?"

"मग पाहणी. मी येऊन आवाज ऐकणार."

तराजूकाका लादीवर बसले. त्यांना बत्तीस वर्षांत परत पाठवलेले दुकानदार एकेक करून आठवायला लागले. त्यांतल्या एकाचा तराजू अगदी बरोबर होता, फक्त त्याने अर्ज निळ्याऐवजी काळ्या शाईने भरला होता. त्या वेळी तो माणूसही असाच, स्वतःच्या तराजूशेजारी, खाली बसला होता. आपण त्याला काय म्हणालो होतो? 'नियम म्हणजे नियम.' काकांनी घाम पुसला.

शेवटी 'आवाज'वर खूण झाली. बुधवारी सेक्रेटरी पाहणीला आले, व्यायामाची रेकॉर्ड पूर्ण ऐकून गेले आणि अहवालात लिहिलं : 'आवाज आहे. हुकमी आहे. चार व पाच ऐकू आले नाहीत. लादी देण्यास हरकत नाही.'

आता टेबल, टेबलावर ट्यूब, ट्यूबवर लादी, लादीवर प्लेअर, अशी चळत तयार झाली. लादी अगदी सपाट बसली आहे ना, ते पाहण्यासाठी काकांनी तिच्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. इथे त्यांना स्वतःचीच कल्पना फार आवडली. वाटीतलं पाणी म्हणजे तराजूचा काटाच की! जरा कुठे धक्का बसला, की पाण्यावर बारीक गोल वळ्या उठणार. मग पाण्याला विचारायचं, बाबा रे, तुला कोण हलवतं?

काकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. नेहमीप्रमाणे टेबलाच्या खालच्या आडव्या दांडीवर पाय टेकवले, वही मांडीवर घेतली आणि रेकॉर्ड लावली. पाणी थरथरत होतं. "एक, दोन, चार!"

भिंतीपलीकडून ड्रायव्हरांचा आवाज आला, "आज बरं आहे! एकच गेला!"

गुरुवारपासून शोध सुरू झाला. काकांचा असा ठाम समज झाला, की धक्का घराबाहेरून येतो. ते पाण्याची दुसरी वाटी तळहातावर घेऊन इमारतभर हिंडू लागले. जिन्यात वाटी, गच्चीत वाटी, पाण्याच्या पंपाशेजारी वाटी. पंपाजवळ तर पाणी उसळून बाहीवर सांडलं आणि काकांनी आनंदाने 'गुन्हेगार क्रमांक एक' असं लिहिलं. शिलाईवहिनींच्या मशीनला दुसरा क्रमांक मिळाला.

"म्हणजे माझ्या मशीनवर गुन्हा दाखल झाला?" वहिनी म्हणाल्या. "सल्ला मी दिला आणि आरोपीही मीच? छान हो काका!"

"तसं नाही वहिनी. हे फक्त निरीक्षण आहे."

"मग निरीक्षण करून घ्या पटकन. मला शनिवारपर्यंत सहा झगे द्यायचेत."

वहिनींनी मशीन पंधरा मिनिटं बंद ठेवलं. सेक्रेटरींनी, आता त्यांनाही थोडं कुतूहल वाटायला लागलं होतं, पंप बंद केला. काका खाली येऊन खुर्चीत बसले, पाय टेकवले, रेकॉर्ड लावली. पाणी थरथरलं. आकडे गळले. काका उठून बाहेर गेले, सगळ्यांना सांगितलं की काही फरक नाही, मशीन चालू करा, पंप चालू करा, आणि चप्पल घालून लिफ्टच्या खोलीकडे निघाले.

तासाभराने परत आले, तर काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही गेल्यावर ती रेकॉर्ड मी परत लावली होती. वर मशीन घडघडत होतं, पंप चालू होता. पण एक ते दहा सगळे आकडे आले. एकदा नाही, तीनदा."

"कसं शक्य आहे?"

"मला काय ठाऊक! तुम्ही बाहेर गेलात की नीट वाजतं, एवढं खरं."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "निरीक्षक जागेवर नसताना झालेली नोंद ग्राह्य नसते."

"बरं," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथून भांडी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. काकांनी त्याचीही नोंद केली.

शुक्रवारी लिफ्ट झाली. शनिवारी जिन्यातली वर्दळ झाली. शनिवारी संध्याकाळी काकांच्या यादीत चौदा संशयित होते, त्यांत रस्त्यावरून जाणारी एक कचऱ्याची गाडी आणि तळमजल्यावरचं एक जाडजूड मांजर धरून. मग त्यांनी नोटीस लिहिली आणि सेक्रेटरींनी आपल्या अधिकारात ती जिन्यात चिकटवली : 'रविवारी सायंकाळी पाच ते सव्वापाच या वेळेत रहिवाशांनी कृपया चालू नये, धावू नये, शिवू नये, दळू नये, दारे आपटू नयेत. बसून राहावे. एका कुटुंबाच्या वडिलांचा आवाज ऐकायचा आहे.'

शेवटचं वाक्य सेक्रेटरींनी स्वतः घातलं होतं.

रविवारी चारला ताई आल्या. आल्या आल्या त्यांनी टेबलावरची चळत पाहिली.

"हे काय? ओटा बांधताय की रेकॉर्ड लावताय?"

"ताई, खाली मऊ, वर जड. शास्त्र आहे त्यात," काका म्हणाले.

"असेल बाई. पण निकाल माझ्या बाजूने लागला की तुमची बायको ही लादी माझ्या डोक्यात नाही ना घालणार? काय गं धाकटे?"

"निकाल लागू तर दे," काकू म्हणाल्या. "मग बघू कोण कोणाच्या डोक्यात काय घालतं ते."

त्या हसल्या, पण काकांच्या लक्षात आलं, की सकाळपासून काकूंनी तबकडीचं पाकीट तीनदा पुसलं होतं.

पाच वाजले. इमारत खरोखरच गप्प झाली. काकांच्या घरात ड्रायव्हर, शिलाईवहिनी आणि सेक्रेटरी असे तिघं साक्षीदार म्हणून बसले होते, पाय खुर्चीवर वर घेऊन, जणू खाली पाणी शिरलं आहे. पंप बंद. मशीन बंद. लिफ्ट बंद. मांजराला कोणीतरी मांडीवर घेतलं होतं, असा निरोप तळमजल्यावरून आला. काकांनी खुर्ची ओढली, दांडीवर पाय टेकवले आणि वाटीत पाहिलं.

पाणी थरथरत होतं.

"कोण हलतंय?" काकांनी हळूच विचारलं.

"मी नाही," ड्रायव्हर म्हणाले. "मी तर श्वासही अर्धाच घेतोय."

"मीही नाही," सेक्रेटरी म्हणाले.

सगळे पुढे वाकून त्या वाटीकडे बघू लागले. बारीक, नेमक्या, एकसारख्या वळ्या उठत होत्या, कोणीतरी आतून मोजून टाकल्यासारख्या. आठवडाभर ज्याला इमारतभर शोधलं, तो आरोपी या खोलीत होता! त्यांनी एकेकाच्या पायांकडे पाहिलं. वहिनींचे पाय, सेक्रेटरींचे, ड्रायव्हरांचे, सगळे हवेत. काकूंचे पाय स्टुलाखाली दुमडलेले. ताई मात्र वाटीकडे बघत नव्हत्या. त्या काकांच्या चेहऱ्याखाली कुठेतरी बघत होत्या.

"भावोजी," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमचा गुडघा."

काकांनी खाली पाहिलं. उजवा गुडघा शिलाईमशीनच्या सुईसारखा वरखाली, वरखाली चालला होता. टाच दांडीवर, दांडी टेबलाला, टेबल ट्यूबला, ट्यूब लादीला. पंपाचे आणि मशीनचे बारीक, झपझप येणारे धक्के ट्यूबने मंगळवारपासूनच अडवले होते. पण असा सावकाश, तालात येणारा झोका तिने अडवला नव्हता, उलट त्याला हात धरून वर नेलं होतं. काका तिथे बसले, की सुई उडत होती. काका बाहेर गेले, की सगळं नीट वाजत होतं.

ड्रायव्हरांनी छताकडे पाहिलं. सेक्रेटरींनी फाइल उघडली आणि परत मिटली.

"पस्तीस वर्षं सांगतेय," काकू म्हणाल्या. "पस्तीस वर्षं. जेवताना, पेपर वाचताना, सिनेमात. पाय हलवू नका, पाय हलवू नका!"

"मशीनचा गुन्हा मागे घेणार ना, काका?" वहिनींनी विचारलं.

काका उठले. त्यांचे कान लाल झाले होते. वही उघडून त्यांनी चौदाच्या चौदा संशयितांवर एक आडवी रेघ मारली, मांजरासकट. मग ते खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या खुर्चीत जाऊन बसले. पण सवय ती सवय. बसल्या बसल्या गुडघा पुन्हा हलला. तेव्हा त्यांनी स्वतःच वर्तमानपत्रावरचं पितळी वजन उचललं आणि गुडघ्यावर ठेवलं. पाच किलो. शिक्का मारलेलं, बिनचूक.

वाटीतलं पाणी आरशासारखं झालं.

काकूंनी सुई ठेवली. ढग आले. ताईंचे ओठ कवितेबरोबर हलत होते. पाढा आला, सात साते आले नाहीत, आणि सगळे हसू दाबत राहिले. मग तो जाडसर आवाज म्हणाला, "छान. दोघींनी छान म्हटलं. पण आज सगळ्यात चांगलं म्हटलं ते..."

एक बारीक खुट् झालं. सुई डगमगली, पण वाटेवरच राहिली.

"...अगं धाकटे, पाय हलवू नकोस! टेबल हलतंय बघ. यांची सुई उडेल ना बाळ... हं. काय सांगत होतो मी? जाऊ दे. चला आता घरी. आई वाट बघत असेल."

खर्रखर्र. काकूंनी हात पुढे करून सुई उचलली. तो हात तसाच हवेत राहिला.

"म्हणजे वाट कोरतानाच वाकडी झाली," काका स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. दुरुस्तीवाल्याचा प्रश्न आता त्यांना आठवला. एकाच जागी का उडते? कारण तिथे एका पाच वर्षांच्या मुलीने टेबलाला लाथ मारली होती आणि ती लाथ तबकडीवर कोरली गेली होती. तिथून सुई जेमतेम जात होती. वर जरा कोणाचा गुडघा हलला, की उडत होती.

"तू!" ताई म्हणाल्या. "तू पाय हलवलेस म्हणून माझं नाव राहिलं!"

"तुझं कशावरून? माझं घ्यायला निघाले होते ते!"

"कोणाचंच घेतलं नाही गं," ताई म्हणाल्या आणि तबकडीकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "'बाळ' म्हणाले पण तुला."

"हो," काकू म्हणाल्या. "रागावले तरी तसंच म्हणायचे."

ड्रायव्हरांनी जोरात नाक शिंकरलं. नोटिशीप्रमाणे ते चालत नव्हतं, पण सेक्रेटरींनी ते चालवून घेतलं.

"एकदाच पुन्हा लाव," ताई म्हणाल्या. "निकालासाठी नाही. नुसतं ऐकायला."

काकूंनी सुई पुन्हा ठेवली आणि या वेळी त्या काकांच्याच खुर्चीत, टेबलाजवळ बसल्या. डोळे मिटले. ढग, पाढा, हसू. काकांनी सवयीने वाटीकडे पाहिलं. पाण्यावर बारीक, नेमक्या वळ्या उठत होत्या. त्यांनी दचकून गुडघ्याकडे पाहिलं. वजन जागच्या जागी होतं, गुडघाही. मग त्यांची नजर टेबलाखाली गेली. काकूंचे दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटं वर होते आणि लहान मुलीसारखे पुढे-मागे, पुढे-मागे झुलत, दांडीला हलकेच लागत होते.

"पण आज सगळ्यात चांगलं म्हटलं ते..." टक्. "...चला आता घरी. आई वाट बघत असेल."

काकूंनी डोळे उघडले. सगळ्यांच्या माना एकदम काकांकडे वळल्या.

"अहो, पुन्हा?" काकू म्हणाल्या.

तराजूकाकांनी गुडघ्यावरचं पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी नीट सारखं केलं. "हो," ते म्हणाले. "हलला असेल जरा."

त्यांनी तिथेच वही उघडली. वेळ लिहिली, पाच वाजून चौदा मिनिटं. कारणाच्या रकान्यापाशी पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'इतर', आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं.